चवथीचा तक्ता आणि पुण्याचं पोर्टल

अनंत चतुर्दशीला गोव्यात वेर्ण्यातला कारखाना बंद ठेवून आम्ही काय करायचं, हे आमच्या पुण्याच्या हेड ऑफिसातलं कुणी मला आजवर सांगू शकलेलं नाही. पुण्यात त्या दिवशी मिरवणुका, रस्ते बंद, सुट्टी हवीच. आमच्याकडे बहुतेकांचे गणपती दीड नाहीतर पाच दिवसांचे. चतुर्दशी येईपर्यंत माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट, उतरून, भांडी घासून माळ्यावर गेलेली असतात. आणि चवथीचा दुसरा दिवस, ज्या दिवशी घरात वीस-पंचवीस माणसं जेवतात आणि संध्याकाळी विसर्जन, तो कंपनीच्या सुट्ट्यांच्या पोर्टलवर कामाचा दिवस.

मी मूळची पॅकिंगची सुपरवायझर. २०२५च्या जानेवारीत ‘टीम कल्चर’ नावाचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आदल्या चार महिन्यांत पाच जण सोडून गेले होते. हेड ऑफिसकडून एक खोकं आलं. त्यात ३४ मग, टी-शर्ट, आणि दर शुक्रवारी साडेचारला व्हिडिओवर प्रश्नमंजूषा घ्यायची अशी सूचना. आमची बस पाचला सुटते. साडेचारला माणसं डबे धुवत असतात, त्यांना राजधान्या विचारून काय उपयोग? दोन शुक्रवार घेतली, मग नेटवर्क ‘गेलं’.

सोबत एक सादरीकरण होतं. त्यातली एकच स्लाइड कामाची निघाली. गुगलने २०१२ साली आपल्याच टीम्सचा अभ्यास सुरू केला, प्रोजेक्ट अ‍ॅरिस्टॉटल नावाने. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात, चूक झाली तर न घाबरता सांगू शकतात का, यावर टीमचं काम जास्त अवलंबून असतं असं त्यांना दिसलं. मगवर हे छापायला हवं होतं.

आमचं दुखणं कुठे आहे ते मला तोवर माहीत होतं. २०२४ची चवथ ७ सप्टेंबरला होती. त्या आठवड्यात ३४पैकी निम्म्यांना एकदम ताप आला. ख्रिस्ती ऑपरेटर सहा, त्यांनी बारा-बारा तास काढले. डिसेंबरात त्यातल्या तिघांनी २४ तारखेची दुपार मागितली, तर ‘आधी कळवायला हवं होतं’ असं उत्तर गेलं. कुडतरीची लेबलिंगवरची बाई खोकी दुमडता दुमडता एवढंच म्हणाली, “चवथीक आमी, आनी नाताळाक कोण?” त्यानंतर जेवणाची टेबलं वेगळी झाली ती झालीच. पाचातले दोन राजीनामे त्याच टेबलावरचे.

म्हणून एप्रिलमध्ये कॅन्टीनच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. प्रत्येकाने आपल्याला खरोखर हवे असलेले दिवस पेन्सिलीने लिहायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर करू नका, तिथे चार जणच बोलतात. आठवडाभरात जे कळलं ते मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. शिरगावच्या लईराई देवीचा एक धोंड, म्हणजे व्रत पाळणारा भक्त, आमच्यात आहे. व्रताच्या दिवसांत तो बाहेरचं काही खात नाही, आणि आम्ही ‘टीम लंच’ची चिकन बिर्याणी नेमकी त्याच आठवड्यात ठरवली होती. (ती पुढे ढकलली.) सावंतवाडीकडच्या एकीच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, आणि त्या वर्षी पूजेची पाळी तिच्या नवऱ्याची, म्हणजे सासरच्या घरी तिच्याशिवाय पान हलणार नाही. दोघांच्या घरी सुतक, ते आपणहून म्हणाले, आम्ही येतो. म्हणजे तक्ता अर्धा गणपतीनेच करून दिला. चवथ २७ ऑगस्टला, म्हणून दीडवाले २९ ऑगस्टला कामावर, पाचवाले १ सप्टेंबरला. २६ची दुपार, बाजार आणि माटोळी बांधायची, ती ख्रिस्ती मंडळींनी सांभाळायची. बदल्यात ३ डिसेंबरला ज्यांना जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जायचंय त्यांची आणि २४ची दुपारची पाळी चवथवाल्यांकडे. भांडण झालं ते फक्त २४ डिसेंबरवरून, तेही दहा मिनिटं.

राहिला २८ ऑगस्ट. तो दिवस सगळ्यांना सुट्टी, बदल्यात ६ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीला, काम. एका ओळीची गोष्ट.

९ जुलैला पोर्टलवर तिकीट, म्हणजे विनंती, टाकलं. १६ जुलैला मेल आला: प्रतिसाद न मिळाल्याने तिकीट बंद करण्यात येत आहे. प्रतिसाद त्यांनी द्यायचा होता! दुसरं टाकलं. त्यात कारण निवडायचं: आजारपण, विवाह, निधन, वैयक्तिक. ‘वैयक्तिक’ निवडलं तर विचारणा आली, ३४ जणांचं एकच वैयक्तिक कारण कसं? फोन केला. एचआरच्या मॅडम गोड बोलायच्या, माझा राग त्यामुळे आणखी वाढायचा. “तिकडे त्या दिवशी सुट्टी असते, याचं काहीतरी जोडा ना.” भिंतीवरच्या कालनिर्णयचा फोटो जोडला. नामंजूर, अधिकृत कागद हवा. मग गोवा सरकारची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना जोडली. त्यात चवथीचे दोन्ही दिवस आहेत, ३ डिसेंबर आहे, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आहे. तुमचं मुख्य कार्यालय गोव्याबाहेर असेल तर हा कागद पहिल्या दिवशीच जोडा, माझ्यासारखे तीन आठवडे घालवू नका.

त्यानंतर कळलं की एचआर फक्त शिफारस करतं. सुट्टीची यादी ठिकाणानुसार बदलणारा माणूस पगार विभागात बसतो आणि तो ४ ऑगस्टपर्यंत रजेवर. कुठे गेलाय विचारलं. गावी.

इकडे मला घाई होती. तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८प्रमाणे भरपगारी रजेचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागायचा, आणि हेड ऑफिस हा नियम दाखवायला कधी विसरायचं नाही. २८ची सुट्टी मंजूर होणार नसेल तर सगळ्यांचे रजेचे अर्ज १२ ऑगस्टपर्यंत जायला हवेत, आणि सगळ्यांना मंजुरी मिळणार नाहीच. म्हणजे पुन्हा ताप. कॅन्टीनमध्ये रोज कुणीतरी विचारायचं, “बाय, जालें?” मी नाही म्हणायची. कागदावर कुणी खाडाखोड करत नव्हतं, ह्याचंच मला जास्त दडपण यायचं.

५ तारखेपासून मी मॅडमना सोडून थेट पगार विभागाला रोज सकाळी दहाला फोन लावला. चौथ्या फोनला तो गृहस्थ म्हणाला, “तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?” दीड, म्हटलं. “मग चतुर्दशीला तुम्ही करता काय?” हेच तर मी महिनाभर लिहीत होते.

११ ऑगस्टला संध्याकाळी, बस बोरीच्या पुलावर असताना, मंजुरीचा मेल आला. मी तो उभी राहून वाचून दाखवला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मागच्या गाडीवाल्याने शिवी दिली.

एक सांगायचं राहिलं. झारखंडचा एक मुलगा आहे, त्याला छठला घरी जायचं होतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आमचं पोर्टल रजा ३० दिवस आधी घेतं. तिकीट मिळालं तर रजा नाही, रजा मिळाली तर तिकीट नाही. मी त्याला सहीचं साधं पत्र दिलं, रजा मिळेल म्हणून. नियमात बसतं की नाही, विचारलं नाही.

२९ला दीडवाले डबे भरभरून नेवऱ्या घेऊन आले. कुडतरीवालीने पिशवीच काढून ठेवली होती. २४ डिसेंबरला दुपारी तिच्या लेबलिंगवर तो लईराईचा धोंड उभा होता, दर अर्ध्या तासाने रोल अडकवत. तिने निघताना त्याला रोल कसा धरायचा ते दोनदा दाखवलं होतं.

यंदा चवथ १४ सप्टेंबरला आहे. जानेवारीतच तिकीट टाकलं, १५ सप्टेंबरसाठी, अधिसूचना पहिल्याच दिवशी जोडून. सातव्या दिवशी मेल आला: प्रतिसाद न मिळाल्याने तिकीट बंद करण्यात येत आहे.