फवारणीचा पंप गळतो तेव्हा

पराटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या वर गेली की माझ्या दुरुस्तीच्या दुकानात विहिरीच्या मोटारी मागे पडतात आणि पाठीवरचे पंप पुढे येतात. १६ लिटरची टाकी, खाली १२ व्होल्टची बॅटरी, इवलीशी मोटार. त्यातलं बिघडतं तेही ठरलेलं: बटण, चार्जिंगची पिन, प्रेशर स्विच. पंप बंद पडतो, काम अडतं, मी करून देतो. विषय संपला.

गळतीचं तसं नाही. गळका पंप चालत राहतो, म्हणून मला त्याचीच जास्त धास्ती. टाकीच्या बुडाशी नळी बसते तिथला वायसर कडक होऊन चिरतो आणि औषध थेंब थेंब कमरेवर उतरतं. अंगातला शर्ट घामाने आधीच ओला, त्यामुळे कळतही नाही. प्रोफेनोफॉससारखं कीड मारायचं औषध कातडीतूनसुद्धा शरीरात जातं.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती. त्याची कारणं पुष्कळ, सगळं पंपावर ढकलता येणार नाही. पण माझ्या हातात येतो तो पंपच.

"दादा, टेप गुंडाळून दे नं, आजचा दिवस निंघून जाईन," म्हणतात. मी देत नाही. ओल धरली की टेप सुटते, तीही पिकाच्या ओळीत, माणूस शेताच्या मधोमध असताना. मी वायसर नवा टाकतो, क्लिप आवळतो, टाकीत साधं पाणी भरून मोटार चालू करतो आणि प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवतो. कागद कोरडाच राहिला तर पंप दिला. लान्स म्हणजे हातात धरायची फवारणीची दांडी, तिच्या खटक्यातली रबरी रिंगही पाहतो. ती गेली तर हात भिजतो.

नोझलमध्ये कचरा अडकला की कित्येक जण तोंड लावून फुंकतात. भाऊ हो, हे करू नका. तारही घालू नका, भोक मोठं होतं. जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं.

पंप माझ्याकडे आणण्याआधी तीनदा विसळा आणि ते पाणी विहिरीपासून लांब, पिकावरच फवारून टाका. न विसळलेला पंप मी उघडत नाही. माझ्याजवळ पुतण्याही काम शिकायला बसतो.