यंदाची उचल किती, हे घरात ठरले तेव्हा

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मी बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. बैठका घेणे, वह्या तपासणे, बँकेच्या कर्जाची कागदपत्रे जुळवणे, हे माझे रोजचे काम. या भागात आर्थिक स्वातंत्र्याविषयी बोलायचे तर सुरुवात उचलीपासून, म्हणजे ऊसतोडीच्या आगाऊ मजुरीपासून, करावी लागते, कारण इथल्या हजारो कुटुंबांच्या वर्षाचा हिशेब उचलीवर उघडतो आणि उचलीवरच मिटतो. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, या जोडीला हंगामाची मजुरी आगाऊ देतो, जोडी दसऱ्याच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ऊस तोडून ती रक्कम फेडते. काम कमी भरले तर उरलेली बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. पैसे आधीच खर्च झालेले असल्यामुळे भाव, कारखाना, निघण्याची तारीख यांपैकी कशावरही त्या जोडीला तोंड उघडता येत नाही. आजारपणातही फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतावर, जावे लागते, कारण खाडा पडला तर दंड बसतो.

मी ज्या दिवसाविषयी लिहीत आहे तो 2025 च्या पोळ्याआधीचा आहे. पण त्या दिवशी जे घडले त्याची तयारी 2020 पासून चालली होती, म्हणून आधी ती सांगते.

त्या वर्षीच्या टाळेबंदीत ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरातच अडकून पडले होते आणि एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिल्यानंतर गावी परतले. आमच्या गटातल्या एक बाई नवऱ्यासह अशाच परतल्या, त्या 25 हजारांची बाकी घेऊन. उचल 80 हजारांची होती आणि मध्येच आजारपण आल्यामुळे काम 55 हजारांचे भरले होते. चौथीतली मुलगी त्यांच्याबरोबर फडावर होती, तिची अर्ध्या वर्षाची शाळा बुडाली होती.

जूनच्या बैठकीत मी प्रत्येकीला एकच काम दिले. मागच्या वर्षीची उचल कुठे गेली, ते आठवून सांगायचे. या बाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. सावकाराचे 20 हजार, दिराच्या लग्नातला मानपान आणि कपडे 15 हजार, किराणा दुकानाची उधारी 14 हजार, दवाखाना 12 हजार, बी-बियाणे आणि वरखर्च 10 हजार, मोटारसायकलचे थकलेले हप्ते 9 हजार. बेरीज बरोबर 80 हजार आली. त्यांनी मला यादी पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाल्या, “ताई, ह्यात पोरीच्या नावाचा एक रुपया न्हाई.”

बचतीच्या प्रशिक्षणात आम्ही नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी अशी पंचसूत्री शिकवतो. ती योग्यच आहे आणि ती पाळल्याशिवाय एकही गट टिकलेला मी पाहिलेला नाही. तरीही माझे मत असे झाले आहे की पैसा कशासाठी राखायचा हे घराने ठरवल्याखेरीज ही सूत्रे बाईच्या हाती फार काळ राहत नाहीत. पहिल्याच लग्नसराईत बचत मोडते. या घरात त्या रात्री नवरा-बायकोने जे ठरवले ते मला नंतर कळले. मुलगी यापुढे फडावर येणार नाही. मानपानासाठी, जत्रेसाठी आणि वाहनासाठी उचल घ्यायची नाही. दवाखाना आणि बियाणे यांना मात्र कधीही नाही म्हणायचे नाही. एवढेच. मुलीने कृषी सेवा केंद्रातून मिळालेल्या डायरीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवले.

पुढचे सगळे बारीक बारीक आहे, आणि मला त्याचेच मोल वाटते. सावकाराचा दर शेकडा 3 ते 5 रुपये महिना. वर्षाचा धरला तर 36 ते 60 टक्के. गटाचा दर शेकडा 2 रुपये, आणि ते व्याज गटातच, म्हणजे सगळ्यांच्या मालकीचे राहते. मागच्या उचलीतून फेडूनही सावकाराकडे जे नवे देणे झाले होते, ते बाईंनी गटातून कर्ज काढून मिटवले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे लग्ने साधेपणाने झाली, त्याचाही हातभार लागला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नवी उचल 45 हजारच घेतली. जुनी बाकी धरून 70 हजारांचे काम अंगावर होते.

दुसरी अडचण बचतीची होती. आमच्याकडे दसरा ते गुढीपाडवा गावे निम्मी रिकामी होतात, बैठका बंद पडतात आणि हप्ते चुकतात. त्यासाठी पोस्टातले आवर्ती ठेवीचे खाते उपयोगी पडले. हे खाते पाच वर्षांचे असते, महिन्याला किमान 100 रुपये भरावे लागतात आणि हप्ते आगाऊ भरण्याची सोय आहे. सहा हप्ते एकदम आगाऊ भरले तर 100 रुपयांच्या हप्त्यामागे 10 रुपयांची सूटही मिळते. बाईंनी जून 2020 मध्ये 300 रुपयांचे खाते उघडले. त्या वर्षी निघण्यापूर्वी कापूस वेचणीच्या मजुरीतून त्यांनी सहा महिन्यांचे 1800 रुपये काढले आणि 30 रुपये सूट जाऊन 1770 भरले. ते 30 रुपये त्यांनी लगेच मुलीच्या वह्यांसाठी सासूबाईंच्या हातावर ठेवले, हे मी समोर उभी राहून पाहिले आहे.

फडावर रोख पैसा हाती येतो तो वाढ्यांचा. उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधून बायका त्या जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात, आणि तो पैसा मीठ-मिरचीला, पोरांच्या खाऊला जातो. या बाईंनी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पत्र्याचा एक डबा ठेवला. रोजच्या वाढ्यांच्या पैशातला निम्मा हिस्सा स्वयंपाकाआधी डब्यात जायचा. किती विकले गेले याला महत्त्व नव्हते. निम्मे हे पक्के होते. हंगामाअखेर त्या डब्यातून एक उस्मानाबादी शेळी आली आणि दुसरी गटाच्या कर्जातून घेतली. शेळ्या सासूबाईंनी सांभाळल्या. मुलगी आजीपाशी राहिली आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहाचाही तिला आधार झाला. शिवाय नवरा-बायको दोघांच्या नावे बँकेतून अपघात विमा आणि आयुर्विमा सुरू केला. आताच्या दराने 20 आणि 436 असे माणशी 456 रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला 38. उसाच्या ट्रॉल्या आणि साप यांच्यात सहा महिने काढणाऱ्या माणसाने हे 38 रुपये सगळ्यांत आधी बाजूला काढावेत, असे मी प्रत्येक बैठकीत कळकळीने सांगते.

उचल दरवर्षी उतरत गेली. 45 नंतर 40, मग 35, 30 आणि 2024 मध्ये 20 हजार. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली, तिचाही यात मोठा वाटा आहे. मजुरी वाढल्याशिवाय केवळ काटकसरीने हे साधले असते असे मी म्हणणार नाही, आणि कोणी तसे म्हणाले तर ते मजुरांवर अन्याय करणारे ठरेल. फरक इतकाच की शेजारच्या कोपीत वाढलेल्या दराबरोबर उचलही वाढली आणि या घरात ती कमी झाली, त्यामुळे वाढीव मजुरी पट्टा पडल्यावर रोखीने हातात आली.

आता त्या दिवसाकडे येते. गटाच्या बँक कर्जाच्या नूतनीकरणासाठी मला पासबुके गोळा करायची होती, म्हणून मी वस्तीवर होते. मुकादम त्याच वेळी ओसरीवर येऊन बसले. ते याच गावचे, बाई त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पिशवीतून नोटांची बंडले काढली आणि म्हणाले, “औंदा भाव चांगला हाय. एक लाख देतो, सही करा.”

बाईंच्या नवऱ्याने शांतपणे सांगितले की या वर्षी अर्धा कोयता धरा, मी एकटा येणार, मुलीची दहावी आहे म्हणून ही घरी राहील. आणि उचल नको, पंधरवड्याच्या हिशेबाने मजुरी द्या.

ओसरीवर जमलेली माणसे एकदम गप्प झाली. मुकादमांना राग आला असेल असे मला वाटले होते, पण ते खरोखर अडचणीत पडले होते. ते म्हणाले, “उचल न्हाई, तर तू येशीलच ह्याचा भरवसा काय? वाहनमालकाला मी काय सांगू?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तेही वरून पैसे उचलून आणतात, दोन ठिकाणी उचल घेऊन तिसरीकडे जाणाऱ्या जोड्यांचा फटका त्यांनाच बसतो. उचल ही मजुराची गरज आहे असे आपण समजतो. ती मजूर बांधून ठेवण्याची व्यवस्था आहे, हे त्या एका प्रश्नातून इतके उघड झाले की मला वेगळे समजावून सांगायची गरज उरली नाही.

बाई आत गेल्या आणि पोस्टाचे पासबुक घेऊन आल्या. खात्याची मुदत जूनमध्ये भरली होती. पाच वर्षांत भरलेले 18 हजार आणि 5.8 टक्क्यांचे व्याज मिळून 20,909 रुपये झाले होते. पासबुक मुकादमांच्या पुढे ठेवून त्या म्हणाल्या, “मामा, घर चालवायला हे हाय. पैशापायी पळून जायची पाळी आमच्यावर न्हाई.”

अर्धा तास बोलणे चालले. शेवटी 10 हजार रुपये इसार म्हणून ठरले, म्हणजे उचल अगदीच शून्यावर आली नाही. मुकादमांनी पैसे मोजून दिले आणि नवऱ्याने सही केली. मग बाईंनी ती नोटांची गड्डी तशीच माझ्यापुढे धरली आणि गटाच्या सचिव असलेल्या त्यांच्या जावेला हाक मारली. काम फिटेपर्यंत हे पैसे आपले नाहीत, तेव्हा ते घरात राहू नयेत, बँकेत भरून टाका, असे त्या म्हणाल्या. घरात आलेली उचल न मोडता राहिलेली मी माझ्या नोकरीत प्रथमच पाहत होते, आणि पावती लिहिताना माझा हात क्षणभर थांबला.

त्या वस्तीवर अशी घरे मोजकीच आहेत. पलीकडच्या एका घरात गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेचे कर्ज दोन हंगामांनंतरही फिटलेले नाही. तिथे डायरीच्या पानाने काही होणार नाही, तिथे आधी सरकारी दवाखाना आणि औषधोपचार हवा. ज्या घरात नवऱ्याची साथ नाही तिथे बाईने डब्यात ठेवलेले पैसे दारूच्या दुकानात जातात, म्हणून अशा बायकांची बचत आम्ही आता थेट गटाच्या खात्यात घेतो आणि पासबुक सचिवांकडे ठेवतो.

त्या संध्याकाळची बैठक ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच लांबली. 20,909 रुपयांचे काय करायचे, यावर बाईंचा निर्णय आधीच झाला होता: 500 रुपयांचे नवे आवर्ती खाते, त्याचे सहा हप्ते आगाऊ, शेळ्यांसाठी पत्र्याचे शेड, आणि उरलेले मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी. सचिव जाऊ मात्र स्वतःविषयी विचारत होत्या. त्यांच्या अंगावर 32 हजारांची बाकी होती आणि सुरुवात कुठून करावी हे त्यांना उमगत नव्हते. मी वहीचे कोरे पान उघडले, आणि मागच्या उचलीतला पहिला खर्च कोणता होता, ते त्यांना विचारले. त्यांनी किराण्याचा आकडा सांगितला. दुसरा आकडा सांगताना त्या अडखळल्या, तेव्हा मोठ्या जावेने पुढे सरकून तो आठवून दिला.