दारूचं लायसन्स, वडिलांचं नाव आणि रव्याची काडतुसं

आधीच सांगतो, दारू म्हणजे बंदुकीची. आईला फोनवर "दारूचं लायसन्स अजून आलं नाही" म्हणालो तर ती दोन दिवस धड बोलली नाही, शेवटी बहिणीने समजावलं.

मी इंग्लंडात उत्तरेकडे एका छोट्या गावात राहतो. एका रविवारी ऑफिसातल्या मित्राबरोबर ठासणीच्या बंदुकांच्या क्लबात गेलो, तिथे एका सत्तरीच्या आजोबांनी पाकिटातून कागदाची पुंगळी काढली, शेपूट फाडलं, दारू नळीत ओतली, पुंगळी उलटी करून तिची गोळीकडची बाजू नळीत खुपसली, वरचा रिकामा कागद फाडून टाकला आणि गजाने ठासलं. बंदूक एनफिल्ड, 1853 चं मॉडेल. मी बघतच राहिलो, कारण शाळेत "काडतुसांना गाय-डुकराची चरबी" हे एक वाक्य पाठ केलं होतं पण ते काडतूस दिसतं कसं हे कुणी दाखवलंच नव्हतं, मला वाटायचं पितळी असेल, पोलिसांच्या पट्ट्यात असतं तसं. 24 एप्रिल 1857 ला मेरठला 90 पैकी 85 शिपायांनी जे घ्यायला नकार दिला ते असं कागदी होतं, आणि अशी काडतुसं दातांनी फाडायची रीत होती, म्हणून तर एवढा बोभाटा.

क्लबात तीन महिने प्रोबेशन झालं, त्यात काहीच अडलं नाही, चहा छान असतो. मग स्वतःची बंदूक आणि स्वतःची दारू घ्यायची म्हणून पोलिसांकडे दोन अर्ज एकदमच टाकले, एक बंदुकीच्या सर्टिफिकेटचा आणि एक स्फोटकांचा, कारण काळी दारू घरी ठेवायची तर तिचा कागद वेगळा लागतो. ओळख देणारी दोन माणसं लागतात, डॉक्टरचा रिपोर्ट लागतो, फी 198 पौंड. मला वाटलं दोन महिन्यांत होईल. सात लागले, आणि ते बंदुकीमुळे नाही, दारूमुळे नाही, माझ्या वडिलांच्या नावामुळे!

झालं असं की माझ्या पासपोर्टवर माझं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे, आपल्या बहुतेकांचं असतंच. ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त माझं नाव आणि आडनाव. आणि डॉक्टरकडे कुणीतरी कधीतरी मला नुसतं "तुकाराम" म्हणून नोंदवलेलं, ते वडिलांचं नाव. फॉर्ममध्ये "पूर्वी वापरलेली इतर नावं" असा रकाना होता, मी प्रामाणिकपणे "नाहीत" लिहिलं. अकरा आठवडे काही नाही. मग पत्र आलं की तुमचा मेडिकल रिपोर्ट दुसऱ्याच माणसाचा आहे.

फोन केला. चाळीस मिनिटं होल्डवर. मग एक बाई आल्या, बोलायला गोड होत्या हेही सांगायला हवं.

"हे तुकाराम तुमचं मधलं नाव का?"

"नाही, वडिलांचं नाव आहे."

"मग ते तुमच्या पासपोर्टवर का आहे?"

"आमच्याकडे लावतात."

"म्हणजे ते तुमचं नाव आहे."

"हो."

"आणि वडिलांचं नाव काय?"

"तेच."

पलीकडे शांतता. त्यांनी सांगितलं, डॉक्टरकडून दुरुस्त रिपोर्ट आणा. डॉक्टरची रिसेप्शनिस्ट म्हणाली नाव बदलल्याचा कागद आणा, मी म्हणालो बदललंच नाही तर कागद कुठला आणू, ती म्हणाली मग सिस्टीममध्ये बदलता येणार नाही. शेवटी पासपोर्टची कॉपी, जन्मदाखल्याचं भाषांतर आणि मी हाताने लिहिलेलं एक पान, ज्यात मराठी माणसाचं नाव कसं बनतं हे आजोबांपासून नातवापर्यंत बाणांनी काढून दाखवलं होतं, एवढं सगळं जोडलं तेव्हा कुठे ते हललं. त्यात आणखी दोन महिने गेले. मला राग या गोष्टीचा येतो की तीन ठिकाणी तीन नावं आहेत हे मला दहा वर्षं माहीत होतं. अर्ज करायच्या आधी डॉक्टरकडचं नाव बघून घ्या, बाकी सगळं नंतर. आणि "इतर नावं" मध्ये सगळी रूपं लिहा, लाजू नका.

या सात महिन्यांत मी गप्प बसलो नाही. दारू मिळत नव्हती पण कागद, शिसं, मेण यांना कुणाची परवानगी लागत नाही. क्लबाची बंदूक .45 इंच नळीची असल्यामुळे तिच्यात माझ्या एनफिल्डच्या जाड गोळ्या चालत नव्हत्या, मग घरी नुसती काडतुसं वळायची प्रॅक्टिस सुरू केली आणि दारूच्या जागी भरला रवा. इथले ठासणीवाले पिस्तुलात भर म्हणून रवा घालतातच. इंडियन स्टोअरमधली दोन किलोची पिशवी महिनाभरात संपली, बायको म्हणाली शिरा तरी झाला असता.

लाकडी दांड्याभोवती आधी जाड कागद, मग पातळ, टोक पिळून आत दाबायचं, मग बाहेरचा कागद, त्यात खाली गोळी. गोळीचं टोक आत, दारूकडे, आणि पोकळ बूड बाहेर. मी पहिली वीस उलटी बसवली. तिच्याभोवतीचा कागद काढायचा नाही, तो तसाच नळीत जातो. नळी .577 इंच, गोळी .550, वजन साधारण 34 ग्रॅम, मधली जागा कागद आणि मेण धरतं आणि बार उडाला की पोकळ बूड फुगून नळीच्या खाचांना चिकटतं. आधी गोळी .568 ची होती, पण काही बार झाले की नळीत राख साचून ठासता ठासता दम निघायचा, म्हणून 1859 ला बारीक केली.

वंगण म्हणजे मेण आणि प्राण्याची चरबी. आजोबांनी मेंढीच्या चरबीचा डबा दिला, पण आमचं घर माळकरी, हात धजेना. मग वाचलं की जानेवारी 1857 च्या शेवटी शिपायांना आपापलं वंगण लावायची मुभा दिली होती, तोवर भरवसा उडालेला होता ते वेगळं. मी मधमाशीचं मेण आणि घरचं तूप वितळवून लावलं. मस्त बसतं. वास मात्र बेसनाच्या लाडवाचा.

शिसं स्वयंपाकघरात वितळवू नका, बाहेर, कोरड्या हवेत. पाण्याचा एक थेंब पडला तर वितळलेलं शिसं तोंडावर उडतं.

शेवटी बंदुकीचं सर्टिफिकेट आलं, नाव बरोबर. स्फोटकांचं आलं, त्यावर पहिलं नाव तुकाराम. परत पाठवलं, अजून तीन आठवडे. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, आयुष्यभर थेंबाला शिवलो नाही आणि साहेबाने माझ्या नावावर दारू चढवली.

दारूची लाकडी पेटी आली, पार्कर-हेल कंपनीने बनवलेली जुनी एनफिल्ड आली, खऱ्या दारूची बारा काडतुसं भरून क्लबात गेलो. आजोबा शेजारी उभे. ठासलं, ठिणगी पाडणारी टोपी चढवली, घोडा ओढला, चाप दाबला. टोपी फुटली आणि नुसतं "टक्". नळी समोर धरून थांबलो, पुन्हा टोपी, पुन्हा टक्. मग आजोबांनी गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली आणि मागून नळीतून रवा सांडला. रव्याच्या काडतुसांवर निळी खूण करा, मी केली नव्हती. आजोबांनी बोटावर घेऊन बघितला आणि विचारलं, भाजलेला आहे का.

दुसरा बार मात्र उडाला. पन्नास यार्डांवर, कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात.