काचेतलं पाणी

इंग्लंडात माझी नोकरी कॉम्प्युटरवरची, पण महिन्यातले दोन रविवार कोळशात जातात. स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका जुन्या रेल्वेवर मी फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा आहे. आई अजून म्हणते, "तुझे आजोबा भुसावळच्या इंजिन-शेडमधून सुटायला धडपडले, आणि तू वर्गणी भरून फावडं मारायला जातोस?"

आमचं इंजिन 'ब्लॅक फाइव्ह'. इंजिनं आखणाऱ्या स्टॅनियरसाहेबांच्या आराखड्यावर १९३४ ते १९५१ मध्ये अशी ८४२ बनली. मालगाडी असो की एक्सप्रेस, कशालाही जुंपा. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफेला निरोप दिला, त्या शेवटच्या गाडीवरही या जातीची इंजिनं होती. सुरुवातीची बरीचशी व्हल्कन फाउंड्री या इंग्लंडातल्या कारखान्यात बांधलेली. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे धावलेली इंजिनंही तिथलीच. मला याचा उगाचच अभिमान वाटतो.

तर गेल्या जूनमधली गोष्ट. उकाडा असा, की टेंडरमधलं, म्हणजे इंजिनामागच्या टाकीतलं पाणीही कोमट झालेलं. लांब चढावर मी खुशीत होतो: विस्तव पांढराशुभ्र, वाफेच्या दाबाचा काटा २२५ पौंडांना टेकलेला, बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी पाऊण. आता कशाला थंड पाणी घालून वाफ मारायची? वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर मी बंद केला.

माथा आला. ड्रायव्हरनी रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप मिटली, इंजिनाचं नाक उताराला लागलं, आणि काचेतलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत सर्रकन खाली गेलं. तळाशी जेमतेम बोटभर उरलं.

चढावर इंजिन मागे कललेलं असतं, म्हणून सगळं पाणी भट्टीच्या बाजूला, काचेकडे गोळा होतं. शिवाय वाफ ओढली जात असते तेव्हा ते फुगतं. मी त्या फुगवट्यावर भुललो होतो. उतारावर तेच पाणी पुढे पळतं आणि भट्टीचं छत उघडं पडू लागतं. छतात शिशाची बुचं असतात. ती वितळली, तर वाफ थेट विस्तवात.

इंजेक्टर उघडला. तो खोकला, गुरगुरला आणि सगळं उकळतं पाणी खाली रुळांवर ओकला. पुन्हा तेच. हात थरथरत होते. ड्रायव्हर सत्तरीचे, खुर्चीवरून न उठता म्हणाले, "तापलाय तो. वाफ बंद कर, नुसतं पाणी वाहू दे. वीसपर्यंत मोज." स्वतः ब्रेक इतक्या अलगद लावत होते, की मला वाटलं, थांबायचा विचार नाही. जोरात दाबला असता तर उरलंसुरलं पाणीही पुढे गेलं असतं, हे नंतर कळलं.

मी अठरापर्यंतच मोजलं. वाफ सोडली. इंजेक्टर एकदा शिंकला आणि गुणगुणायला लागला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल.

खालच्या स्टेशनात ते ओरडले नाहीत. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरली, मग बुडाकडे कलवली. बुडावर अंगठा ठेवून म्हणाले, "ही तुझी काच."

दुसऱ्या खेपेला चढावर काच पुन्हा पाऊण भरली. मी इंजेक्टर चालूच ठेवला. काटा २२५ वरून २१० वर आला, तशी मी त्यांच्याकडे नजर टाकली.

"उतरू दे," ते म्हणाले.