एकाच सिंगलचे धनी

टिंटर्न ॲबी नावाचा लंडनचा एक बँड होता. १९६७ च्या डिसेंबरात डेरॅम या रेकॉर्ड कंपनीने त्यांचं एकुलतं एक सिंगल, म्हणजे दोन बाजूंना दोन गाणी असलेली छोटी प्लेट, काढलं, पुढच्या म्हणजे ए साइडच्या गाण्याचं नाव ‘बीसाइड’ (हो, खरंच) आणि मागे ‘व्हॅक्यूम क्लीनर’. चाललं नाही, थोड्या दिवसांत बँडही संपला. आज मात्र ब्रिटिश सायकेडेलियाच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या स्वप्नाळू, चित्रविचित्र आवाजांच्या रॉकच्या, संकलनांत हे ‘व्हॅक्यूम क्लीनर’ म्हणजे पूजेतला सुपारीचा गणपती, बाकी काही असो नसो, ते मांडलेलं असतंच.

मला ही असली संकलनं जमवायचा नाद आहे. बीटल्स, पिंक फ्लॉइड वगैरे सगळे ऐकतातच, पण एक गाणं करून गायब झालेल्या पोरांचं मला फार वाटतं. बॅम-करूसो लेबलच्या फिल स्मीने १९८४ पासून ‘रबल’ नावाची मालिका काढली, वीस भाग, आणि ती नसती तर यातले निम्मे बँड रद्दीतच राहिले असते. मास्टर टेप मिळाली नाही की सरळ जुन्या प्लेटवरूनच गाणं उतरवायचं, त्यामुळे मधेमधे खरखर येते, मला तर ती आवडते. आता ग्रेपफ्रूटसारखी लेबलं तीन-तीन सीडींचे बॉक्स काढतात, सोबत जाडजूड पुस्तिका. खरं सांगू का, कित्येकदा पुस्तिकाच गाण्यापेक्षा भारी असते. वन इन अ मिलियन हा ग्लासगोचा बँड घ्या, त्यांचं १९६७ चं सिंगल ऐकताना गिटार वाजवणारा जिमी मॅकलक जेमतेम चौदा वर्षांचा आहे हे वाचलं की परत पहिल्यापासून ऐकावं लागतं. तो पुढे पॉल मॅकार्टनीच्या विंग्जमध्ये गेला. बाकीच्यांचं असं काही झालं नाही.

पण या संकलनांत एक गोड थाप आहे. सलग तीन सीडी ऐकल्या की वाटतं १९६७ मध्ये अख्खा इंग्लंड फुलाफुलांचे शर्ट घालून मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज काढणारा कीबोर्ड) वाजवत होता. प्रत्यक्षात त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल होतं एंगलबर्ट हंपरडिंकचं ‘रिलीज मी’, म्हणजे आईबाबांचं गाणं, त्याने बीटल्सच्या ‘पेनी लेन’ला सुद्धा नंबर वन होऊ दिलं नाही, आणि हा एंगलबर्ट जन्मला आपल्या मद्रासला. तो डेक्का कंपनीचा, आणि डेरॅम हे डेक्काचंच पिल्लू. त्यात ऑगस्टमध्ये कायदा आला आणि समुद्रात जहाजावरून चालणारी रेडिओ लंडनसारखी चोरटी स्टेशनं बंद पडली. नव्या पोरांची गाणी तीच तर वाजवायची! सप्टेंबरअखेर बीबीसीने रेडिओ वन सुरू केलं पण तिथे सगळ्यांना जागा कुठली मिळायला.

हार्ड रॉकवाल्या बॉक्सचं वेगळंच. ‘आय ॲम अ फ्रीक, बेबी’ लावलं की चहाचे कप, खेळणी, विक्षिप्त काका असलं सायकेडेलिक गाण्यांतलं सगळं बालपण गायब आणि नुसता फझ, म्हणजे गिटारचा फाटका, घरघरता आवाज. शेजारी बेल मारतात. लीफ हाउंडचा १९७१ चा अल्बम याच कुळातला, मूळ डेक्का प्रत आज हजारो पाउंडांना जाते, म्हणून आम्ही गरिबांनी रीइश्यूवर समाधान मानायचं. आणि एक तक्रार आहेच, प्रत्येक नव्या बॉक्समध्ये अर्धी गाणी आधीच घरात असलेली निघतात, तरी उरलेल्या चार-पाचांसाठी घेतोच.

एकदा असंच भटकत भटकत मॅजिक कार्पेटच्या १९७२ च्या अल्बमपाशी पोचलो. लोकसंगीत आणि सायकेडेलियाच्या मधलं काहीतरी, सतारीवर क्लेम आल्फर्ड नावाचा साहेब, आणि तबल्यावर कोण तर केशव साठे! साठे! बसल्या जागी उडालोच. हेच साठे संगीतकार जॉन मेयर आणि सॅक्सोफोनवाले जो हॅरियट यांच्या इंडो-जॅझमध्येही वाजवायचे. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बममध्ये ‘लव्ह यू टू’ला तबला अनिल भागवतांचा, ते निदान त्यांच्यामुळे माहीत तरी आहे. साठ-सत्तरच्या लंडनमध्ये वाजवणाऱ्या या आपल्या मंडळींचा एक तीन सीडींचा बॉक्स कोणीतरी काढावा, पुस्तिकेसकट, आणि पुस्तिका जाड हवी. पैसे मी आत्तापासून बाजूला टाकतोय.