माऊस पॅड दाबला जात नाही

नौपाड्यातल्या एका मेडिकलवाल्या काकांचा बिलिंगचा लॅपटॉप आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात आला तो 'माऊस पॅड दाबला जात नाही' या तक्रारीवर. काउंटरवर ठेवला तर डळमळायला लागला. म्हटलं, "काका, पॅड ठीक आहे, खालून बॅटरी त्याला ढकलतेय."

स्क्रू निघाले तसं झाकण आपणहून उचकटलं. आत दोन सेल उशीसारखे टम्म फुगलेले, वरचं काळं आवरण ताणून चकचकीत झालेलं. अशा वेळी दुकानातल्या पोऱ्याला मी जवळ फिरकू देत नाही. आधी कनेक्टर सोडवला, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने चिकटपट्टी हळूहळू सोडवत बॅटरी बाहेर काढली. स्क्रूड्रायव्हरचं टोक सेलमध्ये घुसलं तर आग लागायला वेळ लागत नाही. बॅटरी थेट वाळूच्या बादलीत आणि बादली दुकानाबाहेर. पुढे ती ई-कचरावाल्याकडे जाते.

"हा कायम चार्जिंगलाच असतो ना? रात्रीसुद्धा?"

"मग! लाइट गेली तर बिल अडकायला नको. आणि फुल झाल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं की."

थांबतं, खरं आहे. ओव्हरचार्जिंगची भीती उगाच घालतात लोक. पण फुल म्हणजे प्रत्येक सेल साधारण ४.२ व्होल्टवर. महिनोन्महिने तिथेच ठेवला की आतलं रसायन हळूहळू बिघडतं, गॅस तयार होतो, आणि सेलचं पिशवीसारखं आवरण तर चारी बाजूंनी बंद. उष्णता असली की सगळं आणखी भरभर. विचारल्यावर कळलं, लॅपटॉप इन्सुलिनच्या फ्रीजच्या गरम बाजूला टेकवलेला असतो. त्यात ठाण्याचा मे महिना!

नवी बॅटरी टाकली आणि कंपनीच्याच ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा साठ टक्क्यांवर लावली. काका भडकले. "पैसे शंभर टक्क्यांचे घेतोस आणि देतोस साठ?"

"लॅपटॉप काउंटर सोडून कुठे जातो का तुमचा? लाइट गेली की चालू बिल संपवायला साठ पुष्कळ झाले. बाहेर न्यायचा असेल त्या दिवशी शंभर करा."

शेवटी ऐंशीवर तोड निघाली. निदान फ्रीजपासून तरी लांब ठेवा म्हटलं.

"कुठे ठेवू? तिकडे ग्लुकोजचे खोके आहेत."