बोरू, शाडू आणि तू-ता-ती : कीलाकार लिपीचा सहावा महिना

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत एक आख्खं पत्र मातीत उतरवीन. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पत्राच्या साडेतीन ओळी झाल्यात. त्यातलीही अर्धी ओळ काल अंगठ्याने पुसावी लागली. पण मधल्या काळात बरंच हाती लागलंय.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच: मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली कीलाकार लिपी (पाचरीच्या आकाराच्या खुणांनी लिहायची) मी कागदावर न गिरवता ओल्या मातीत शिकतेय. गणपतीची मूर्ती घरी केली, त्यातली दोनेक किलो शाडू उरली, तिथून हे खूळ सुरू झालं.

आधी हत्याराबद्दल. चौकोनी चॉपस्टिकने पाचर उमटते, नाही असं नाही, पण बोथट, मेल्यासारखी. शेवटी आजोबांच्या पेटीतले दोन बोरू काढले. तिकडचे लेखनिकही बोरूचीच लेखणी वापरत, फक्त त्यांना आपल्यासारखं तासलेलं टोक नको असायचं, कोपरा हवा असायचा. मी बोरूचं टोक ब्लेडने सरळ कापलं आणि उभा चिरला. एका बाजूला चकचकीत साल, दुसऱ्या बाजूला आतला गर, आणि दोघांच्या मध्ये धारदार कोपरा. तो मातीत टेकवायचा. ओढायचा अजिबात नाही. पहिला महिनाभर मी ओढतच होते, कारण हाताला देवनागरीची सवय. उभी पाचर, आडवी पाचर आणि लेखणी तिरकी करून नुसता कोपरा दाबला की होणारा कोन, मुख्य भांडवल एवढंच. बोरूने केलेल्या पाचरीच्या एका भिंतीवर बारीक धाग्यांच्या रेषा उमटतात. अशाच रेषा खऱ्या पाट्यांच्या जवळून काढलेल्या काही फोटोंत दिसल्या तेव्हा मी एकटीच खोलीत ओरडले.

माती किती घट्ट हवी, असं काहींनी विचारलं होतं. पोळीच्या कणकेएवढी सैल नको, पुरीच्या कणकेएवढी घट्ट हवी. सैल असली की शेजारची पाचर आधीच्या पाचरीला ढकलून बुजवते. आईने पहिली पाटी पाहून "कोंबडीचे पाय" असा शेरा मारला होता, त्यात निम्मा दोष मातीचा होता. निम्मा माझा, मान्य.

आता अभ्यास. मी चिन्हांची यादी पाठ करायचं सोडून दिलं आणि तिथल्या पोरांना शिकवत तसंच शिकायचं ठरवलं. निप्पूर शहरात १९५१-५२ च्या उत्खननात एक छोटं घर सापडलं. संशोधक त्याला 'घर एफ' म्हणतात. इ.स.पू. अठराव्या शतकात तिथे शाळा भरायची. सुमारे १,४०० पाट्या आणि तुकडे निघाले, जवळजवळ सगळे विद्यार्थ्यांचे. जुन्या पाट्या भिजवून पुन्हा माती करायची कुंडीसुद्धा होती, आणि बऱ्याच पाट्या तर घर दुरुस्त करताना भिंतीत आणि जमिनीत भरून टाकलेल्या. रद्दी म्हणून टाकल्या, म्हणून वाचल्या.

तर त्या काळच्या पोरांचा एक सुरुवातीचा धडा असा: तू-ता-ती, नू-ना-नी, बू-बा-बी, झू-झा-झी. सरळ बाराखडीच की! फक्त स्वरांचा क्रम उ, आ, इ. मी रोज रात्री जेवणानंतर एक ओळ याप्रमाणे तीन आठवडे हे गिरवलं. यादी पाठ करून जी चिन्हं डोक्यात राहत नव्हती ती आता हातात बसलीत. 'ता' आठवायचा नसतो, 'तू' संपला की हात आपोआप तिकडे जातो.

सुमेरी या तिथल्या जुन्या भाषेत लेखनिकाला 'दुब-सार' म्हणत, पाटी लिहिणारा. आपला बोरूबहाद्दर. त्यांची एक म्हण आहे: ज्याचा हात तोंडाच्या वेगाने चालतो तोच खरा लेखनिक. माझा वेग सध्या वीस मिनिटांत अकरा चिन्हं. शाळेवरच्या एका सुमेरी रचनेत एक पोरगा दिवसभर मार खातो, उशिरा आला म्हणून, बोलला म्हणून, उठला म्हणून आणि अर्थातच अक्षर वाईट म्हणून. शेवटी बाप गुरुजींना घरी जेवायला बोलावतो, नवं वस्त्र देतो, बोटात अंगठी घालतो, आणि गुरुजी एकदम पोराचं कौतुक करू लागतात. ही रचना शाळेतली पोरं कॉपी करत बसायची, म्हणजे गुरुजींनीच नेमलेली असणार!

अंकांनी मला सगळ्यात जास्त आनंद दिला. उभी पाचर म्हणजे १, कोन म्हणजे १०, आणि साठ झाले की पुन्हा एक उभी पाचर, फक्त एक घर डावीकडे. भाचा चौथीत आहे, त्याला एका संध्याकाळी जमलं. मग आम्ही दोघांनी येल विद्यापीठातली एक प्रसिद्ध पाटी केली, तिथल्या संग्रहातला तिचा क्रमांक वायबीसी ७२८९. भाकरीच्या गोळ्याला हलकी चापट मारावी तशी गोल, जेमतेम आठ सेंटीमीटरची. शाळकरी पोरं अशाच पाट्या तळहातावर धरून लिहीत. तीवर एक चौरस, त्याचे दोन कर्ण, बाजूवर ३० आणि कर्णावर दोन संख्या. वरची: १, २४, ५१, १०. म्हणजे १ अधिक २४ भागिले ६०, अधिक ५१ भागिले ३,६००, अधिक १० भागिले २,१६,०००. भाच्याने मोबाइलवर बेरीज केली: १.४१४२१२९६. दोनचं वर्गमूळ १.४१४२१३५६. जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कुणा विद्यार्थ्याच्या तळहातावरची पाटी पाचव्या दशांश स्थानापर्यंत चुकत नाही. खालची संख्या ४२, २५, ३५, म्हणजे त्याला तीसने गुणून आलेला कर्ण.

५१ लिहिताना पाच कोन आणि एक पाचर एवढ्याशा जागेत मावेनात. आम्ही पाटी चार वेळा पुन्हा मळली.

त्यांना पाढेही होते, आणि ५०, ४५, ४० असले होते. गुणायचं एक ते वीस, मग एकदम तीस, चाळीस, पन्नास. भाच्याला वाटलं मी थापा मारतेय. आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ होती, हेही त्याला थापच वाटतं.

आता फजिती. एक छोटी पाटी दोन्ही बाजूंनी लिहिली आणि फोटोशी ताडून पाहिली तर मागची बाजू उलटी! मी पाटी वहीच्या पानासारखी बाजूने वळवली होती. ते लोक खालून वर उलटत, पोथीचं पान उलटतात तशी. पारायणाला बसणाऱ्या आईने हे बघताक्षणी सांगितलं. मी कॅटलॉगमधल्या फोटोंवर दोन तास डोकं घातलं होतं.

दुसरी फजिती भाजण्याची. शाडूला वाळतानाच भेगा गेल्या, म्हणून कुंभाराकडून लाल माती आणली आणि चार पाट्या त्याच्याच भट्टीत दिल्या. "आठ दिवस सावलीत वाळू द्या," असं काकांनी बजावलं होतं. मी पाचव्या दिवशी नेल्या. आत ओल राहिली, वाफ झाली, दोन फुटल्या. त्यात दोनच्या वर्गमुळाची एक. खरं तर भाजायची गरजही नव्हती, तिकडच्या बहुतेक पाट्या नुसत्या वाळवलेल्या. बऱ्याच भाजल्या गेल्या त्या आगीत. इ.स.पू. ६१२ मध्ये असिरियाची राजधानी निनवे जळलं आणि तिथल्या कितीतरी पाट्या त्या जाळात पक्क्या झाल्या.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक सूचना: टॉर्च डाव्या वरच्या कोपऱ्यातून अगदी आडवा धरा. उजेड खालून आला की पाचरी खड्डे न दिसता उंचवटे दिसतात आणि आपणच लिहिलेलं वाचता येत नाही.

आणि ते पत्र. उर शहरातलं, सुमारे इ.स.पू. १७५० चं, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नान्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला झाडतोय: माल हलका दिलास, माझ्या माणसाला शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हाताने परत पाठवलंस, वर म्हणालास घ्यायचं तर घ्या नाहीतर चालू पडा. मूळ पाटी साडेअकरा सेंटीमीटर उंच, पाच सेंटीमीटर रुंद, मागेपुढे गच्च भरलेली. मी दुप्पट आकार घेतलाय, तरी घाम फुटतो.

सुरुवातीचा साचा ठरलेला असतो: 'आ-ना' अमुक 'की-बी-मा', म्हणजे अमक्याला सांग. पत्र आधी वाचणाऱ्याशी बोलतं, कारण ज्याला पाठवलं त्याला वाचता येईलच असं नाही. आजीच्या गावी पोस्टमनच पत्र वाचून दाखवायचा, तसं. मग 'उम्-मा ना-आन्-नी-मा', नान्नी असं म्हणतो. त्यातलं 'आन्' हे चिन्ह मुळात तारा. सुमेरीत तेच आकाश, तेच देव, आणि इथे एका चिडलेल्या गिऱ्हाइकाच्या नावात नुसता आवाज म्हणून राबतंय.

काल पुसली ती अर्धी ओळ याच नावाची. 'नी' इतका डावीकडे सरकला की 'आन्'वर चढला. रविवारी नवी माती मळणार आहे. या खेपेला ओळीच्या रेघा आधी दोऱ्याने दाबून घेईन.